घरी बांधलेलं विमान : इंजिन तापलं की मिसिंग मारतंय, मदत हवी

शेडवाला | रविवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिलाच.

नऊ वर्षांपासून दोन सीटचं एक छोटं विमान बांधतोय. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरुवात केली. पंख डकवायची वेळ आली तेव्हा वार्षिक सभेत माझ्यावर ठराव झाला, मग बिऱ्हाड सासवडच्या अलीकडे मित्राच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. विमान अजून उडालेलं नाही. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक खात्याच्या) परवानगीचे कागद चालू आहेत, तोवर जमिनीवरच इंजिन चालवून बघतो. शेपटीला ट्रॅक्टर बांधलेला, चाकांपुढे ठोकळे, शेजारी आग विझवायचं नळकांडं. त्यामुळे 'जीव प्यारा नाही का' वगैरे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी रोज मिळतात.

इंजिन रोटॅक्स ९१२, ८० हॉर्सपॉवरचं, जुनं घेतलेलं. चार सिलिंडर, समोरासमोर झोपलेले. पेट्रोल-हवा मिसळून देणारे बिंग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इग्निशनची दोन स्वतंत्र सर्किटं, अ आणि ब.

तक्रार अशी : गार असताना इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. ४८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १२-१५ मिनिटं चाललं की फट्-फट् सुरू होते, नाक थरथरतं, काटा दीडशेच्या टप्प्यात नाचतो. रेस ३५०० ला आणून मिनिटभर थांबलं की परत गुण्यागोविंदाने चालतं. वर नेलं की पुन्हा तेच.

गरम असताना ४००० ला सर्किटं तपासली, म्हणजे एक बंद करून एकट्या दुसऱ्यावर फेरे किती पडतात ते बघितलं. एकट्या ब वर १८० ची घट, एकट्या अ वर थेट ४३० आणि वर हादरे. पुस्तकात मर्यादा ३०० ची आहे, आणि दोन्हींतला फरक १२० च्या आत हवा.

चारही एक्झॉस्टवर तापमानाचे प्रोब आहेत. १ नंबर शहाण्यासारखा. ३ नंबर पहिल्यापासून चाळीसेक अंशांनी जास्त. २ नंबर मिसिंगच्या आधी चढतो, मग धाडकन पडतो. ४ नंबरचं काही कळत नाही.

आजवर केलेलं : आठही प्लग नवे, एअर फिल्टर नवा, पेट्रोलचा फिल्टर नवा, दोन्ही कार्ब्युरेटर दोनदा साफ, गेज लावून एकमेकांशी जुळवले. पेट्रोल साध्या पंपावरचं. जादाचा इलेक्ट्रिक पंप चालू केला की मिसिंग जरा कमी वाटतं, पण तो माझ्या मनाचा खेळही असेल.

कोणाला काही सुचतंय का?

बुलेटप्रेमी | रविवार, रात्री १०.३२

प्लग डुप्लिकेट असणार. आजकाल खोक्यावरून काही कळत नाही. माझ्या गाडीला असेच तीन महिने छळले होते.

शेडवाला | रविवार, रात्री १०.४०

जुने प्लग परत लावून बघितले, फरक नाही.

शंकेखोर पेठकर | रविवार, रात्री ११.०५

१८९५ ला चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं म्हणतात, ते कोणी काढायच्या आत हात जोडून विनंती, तो विषय इथे नको. मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले आणि मूळ प्रश्न भाज्या निवडायच्या सुरीचा होता.

बाकी पुरंदरचं विमानतळ आधी होतं की शेडवाल्यांचं विमान, यावर पैज लावायला तयार आहे.

वाचनमात्र | रविवार, रात्री ११.२०

कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं होतं, त्यांना २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. तेव्हा धीर सोडू नका. तांत्रिक काही कळत नाही, पण वाचतोय.

ग्लायडरकाका | सोमवार, सकाळी ७.१५

हडपसरला ग्लायडिंगमध्ये तारुण्य घालवलेला माणूस आहे. आमच्या यंत्राला इंजिनच नसे, त्यामुळे मिसिंगही नसे. तरी विचारतो, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरत नाही ना? लोकांना वाटतं बर्फ म्हणजे हिमालय. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना आतलं तापमान वीस-वीस अंशांनी उतरतं. पुण्याची पावसाळी सकाळ, २३-२४ अंश आणि ओलीगच्च हवा, हे त्याला अगदी मानवणारं. आरपीएम हळूहळू ढासळतो आणि इंजिन खडबडतं.

शेडवाला | सोमवार, सकाळी ८.०२

काका, मी चालवतो दुपारी. कोरडा उन्हाळा, ३८ अंश, शेडच्या पत्र्यावर पापड भाजेल. आणि त्रास जास्त रेसला होतो, कमी रेसला नाही.

ग्लायडरकाका | सोमवार, सकाळी ८.१०

मग बर्फ बाद. जूनमध्ये पुन्हा आठवा मात्र.

जुना फिटर | सोमवार, दुपारी १.३०

चाळीस वर्षं इंजिनं उघडली, बहुतेक जमिनीवरची. शेडवाले, तुम्ही सामान बदलत सुटला आहात, आणि अजून कुठे दुखतंय तेच धड विचारलेलं नाही.

या इंजिनाची एक सोय आहे. त्यातल्या जोड्या तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लागतात. कागद घ्या आणि लिहा.

पेट्रोलची जोडी : एक कार्ब्युरेटर १ आणि ३ ला पाजतो, दुसरा २ आणि ४ ला. समोरासमोरचे नाहीत, एका बाजूचे दोन.

कॉइलची (ठिणगीची वीज प्लगला देणारी) जोडी : एका कॉइलला दोन टोकं, त्यामुळे १ आणि २ एकत्र, ३ आणि ४ एकत्र. अशा चार कॉइल.

सर्किटची जोडी : अ सर्किट १-२ चे वरचे प्लग आणि ३-४ चे खालचे पेटवतं. ब बरोबर उलट.

आता रोगी कोण ते बघा. २ आणि ४ एकत्र रडले तर कार्ब्युरेटरकडे जा. ३ आणि ४ एकत्र रडले तर कॉइलकडे. चारही एकदम रडले तर टाकी, मुख्य पंप किंवा बंद करायच्या स्विचच्या वायरी. एकटाच रडला तर त्याचा प्लग, कॅप, व्हॉल्व्ह, नाहीतर तिथल्या पाइपातून हवा ओढतोय.

तापमानाचंही असंच. दोनपैकी एकच प्लग पेटला तर पेट्रोल सावकाश जळतं, उशिरापर्यंत जळतं आणि एक्झॉस्ट जास्त गरम होतो. दोन्ही गेले तर गार पडतो. पेट्रोल कमी पडलं तर आधी चढतो, आणि फारच कमी झालं की पेटायचंच बंद होऊन पडतो.

तुमचा ३ चढून बसलाय. २ चढतो आणि पडतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच चावीने दोन्ही कुलपं उघडायला बघताय म्हणून अडलंय. ४ नंबर बिचारा दोन्ही जोड्यांत येतो, त्याला दोन सासवा. त्याचं काही कळत नाही म्हणता, ते कसं कळणार?

बुलेटप्रेमी | सोमवार, दुपारी १.४४

फिटरकाका, दंडवत.

इग्निशनताई | सोमवार, रात्री ९.२०

चिंचवडला दुचाकींच्या इग्निशनवर काम करते. फिटरकाकांच्या प्रतिसादाला +१, थोडी भर घालते.

एका कॉइलची दोन टोकं म्हणजे दोन वेगळे नळ समजू नका, ते एक वर्तुळ असतं. करंट पहिल्या प्लगच्या फटीतून उडी मारतो, इंजिनाच्या धातूतून जातो आणि दुसऱ्या प्लगमधून कॉइलमध्ये परत येतो. म्हणून ३ नंबरच्या प्लगवरची कॅप सैल असेल तर ४ चा प्लग कोरा करकरीत असूनही त्याची ठिणगी मार खाते. एकट्या अ वर ४३० ची घट आहे, म्हणजे ३-४ चे खालचे किंवा १-२ चे वरचे प्लग. १ तर ठणठणीत आहे. राहिले ३-४ चे खालचे. तिथल्या दोन्ही कॅप ओढून बघा.

आणि एक गोष्ट, नवखी मंडळी वाचत असतील म्हणून. गाडीत चावी फिरवली की वीज तुटते आणि इंजिन बंद होतं. इथे उलटं आहे. स्विच बंद करणं म्हणजे इग्निशनची वायर बॉडीला टेकवणं. ही वायर कुठे घासून बॉडीला लागली तर सर्किट आपोआप मरतं. पण तीच वायर तुटली तर स्विच बंद असूनही इग्निशन जिवंत राहतं. बॅटरी काढली तरी, कारण या इंजिनात ठिणगीची वीज त्याचं स्वतःचं जनित्र बनवतं. तेव्हा पंख्याला हात लावताना तो कायम जिवंत आहे असंच समजा.

शंकेखोर पेठकर | सोमवार, रात्री ९.४१

म्हणजे बंद म्हणजे चालू आणि चालू म्हणजे तुटलेलं. पेठेतल्या दुकानांच्या वेळा अशाच असतात.

शेडवाला | बुधवार, रात्री ११.१५

सापडलं! निदान तसं वाटतंय.

कॅप ओढून बघायच्या म्हणजे किती जोर लावायचा? पुस्तक म्हणतं ३० न्यूटनला निघता कामा नये, म्हणजे साधारण ३ किलो. रद्दीवाल्याकडून हुकाचा स्प्रिंगकाटा मागून आणला. (त्याला वाटलं विमानाचीच रद्दी निघाली, तो भाव सांगायला लागला.) कॅपला सुतळीचा फास, सुतळीला हुक, आणि सरळ रेषेत हळूहळू ताण. सात कॅप ३ किलोला हलल्या नाहीत. ३ नंबरची खालची कॅप दीड किलोलाच टप्पकन हातात आली. आतली पितळी क्लिप फाकलेली आणि कडेला पांढुरकी राख. ठिणगी प्लगमध्ये मारायची ती कॅपमध्येच मारत होती.

नवी कॅप लावली. आता गरम असताना अ वर १९०, ब वर १८०. ३ नंबर १ च्या बरोबरीला आला. फिटरकाका आणि ताई, पहिल्या उड्डाणाचे पेढे तुम्हा दोघांना.

वाचनमात्र | बुधवार, रात्री ११.३०

वा! धागा सत्कारणी लागला.

जुना फिटर | गुरुवार, सकाळी ६.५०

पेढे राहू द्या. सलग अर्धा तास चालवलंत का?

शेडवाला | गुरुवार, रात्री ८.४५

आज चालवलं. १४ व्या मिनिटाला फट्-फट्. पेढे रद्द.

पण आता चित्र स्वच्छ आहे. १ आणि ३ शांत. २ आणि ४ दोघंही बरोबरीने चढतात आणि बरोबरीने पडतात.

जुना फिटर | गुरुवार, रात्री ९.००

म्हणजे २-४ चा कार्ब्युरेटर, किंवा त्याच्या तोंडापर्यंत पेट्रोल पोचत नाही. धाग्याच्या सुरुवातीलाच तुम्ही इलेक्ट्रिक पंपाचं लिहिलंत आणि वर 'मनाचा खेळ' म्हणून सोडून दिलंत. पंपाने जर फरक पडत असेल तर ते इग्निशन नव्हेच. रोगी खरं बोलतो, आपणच ऐकत नाही.

आधी फ्लोट बघा, कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारे तरंगे. या कार्ब्युरेटरचे काही फ्लोट पेट्रोल पिऊन जड व्हायचे, दोन्ही मिळून ७ ग्रॅमच्या वर गेले की बाद. तसे जड झाले तर कार्ब्युरेटर ओव्हर होतो, म्हणजे पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात. तुमची लक्षणं उलट आहेत, पण वाटी उघडणारच आहात तर तोलून घ्या. वाटीला हवा देणाऱ्या बारीक नळ्याही बघा, त्या भलतीकडे तोंड करून असल्या तर पंख्याच्या वाऱ्याने पेट्रोलचं गणित बिघडतं. मग असली परीक्षा : कार्ब्युरेटरपाशी नळी सोडा, मोजपात्रात धरा, इंजिन बंद ठेवून इलेक्ट्रिक पंप मिनिटभर चालवा. दोन्ही बाजू मोजा.

शेडवाला | शनिवार, संध्याकाळी ७.३०

फ्लोट लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या सराफाकडे तोलले, ग्रॅमच्या दशांशाचा काटा दुसरीकडे कुठे मिळणार? दोन्ही मिळून ६.३ ग्रॅम. त्याने काळा प्लॅस्टिकचा जिन्नस उलटसुलट करून बघितला आणि गंभीरपणे म्हणाला, 'यात मोड काही मिळायची नाही.' तर फ्लोट पास. वाटीत कचरा नाही. हवेच्या नळ्या जागेवर.

मग मोजमाप. इंजिन गार होऊ दिलं, शेडचे दोन्ही दरवाजे उघडे, मोबाइल बाहेर, मित्र नळकांडं घेऊन उभा.

१-३ ची बाजू : मिनिटाला ६९० मिली.
२-४ ची बाजू : पहिल्या मिनिटाला ३१०, दुसऱ्याला १९०, तिसऱ्याला १४०.

पूर्ण रेसला हे इंजिन तासाला २४ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे एका कार्ब्युरेटरला मिनिटाला २०० मिली. १४० वर उपासमारच.

गंमत म्हणजे ती नळी काढून तोंडाने फुंकली तर हवा आरपार. बाहेरून चकचकीत काळी, एक चीर नाही. मागच्या दोन्ही वेळा कार्ब्युरेटर साफ करताना हीच नळी मी हातात धरून बाजूला ठेवली होती. आज चिडून ब्लेडने उभी कापली. आतला थर भिजलेल्या पापडासारखा सुटलेला, आणि मध्ये एका जागी जिभेएवढा तुकडा एका कडेने चिकटून लोंबत होता. मी फुंकलं उलट्या बाजूने, तेव्हा तो भिंतीला टेकून वाट देत होता. पेट्रोल यायचं तेव्हा दरवाजासारखा बंद व्हायचा. गरम झालं की अजून मऊ. रेस कमी केली की ओढ कमी, वाटी परत भरायची, म्हणून मिनिटभराने सगळं सुरळीत.

इग्निशनताई | शनिवार, रात्री ८.०५

फोटो पाहून अंगावर काटा आला. हवेत झालं असतं तर?

उसाचा रस | शनिवार, रात्री ८.२०

पेट्रोल पंपावरचं म्हणालात. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं येतं. साधं रबर त्यात फुगतं, सुटतं. आणि हा माझा व्यवसाय असल्याने सांगतो, इथेनॉलला नावं ठेवायच्या आधी नळी कुठली होती तेही सांगा.

किती आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीच्या उभ्या मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून जितका वाढला तितकं जवळपास इथेनॉल.

शेडवाला | शनिवार, रात्री ९.१०

केलं. खालचा थर २७ वर आला. म्हणजे ९० मिलीत १७ मिली, खुशाल १९ टक्के धरा. या इंजिनाचं पुस्तक १० टक्क्यांपर्यंतच चालवा म्हणतं, हे मला माहीत होतं. 'जमिनीवर तर चालवायचंय' असं म्हणून दुर्लक्ष केलं.

नळीचीही कबुली देतो. नाना पेठेतून मीटरवर घेतलेली, सात वर्षांपूर्वी. दुकानदाराने 'कशाला हवी' विचारलं तेव्हा विमान म्हणायची लाज वाटली, म्हणून 'जनरेटरला' म्हणालो. त्याने जनरेटरचीच दिली. त्याचा काय दोष?

टोरांटोचा बंड्या | रविवार, पहाटे ४.४०

इकडे क्लबमध्ये हीच इंजिनं आहेत. रबराचं सगळं सामान दर ५ वर्षांनी बदलायचं असा कंपनीचा नियम आहे, इंजिन चालो वा न चालो. पेट्रोलच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, कार्ब्युरेटर ज्यावर बसतो ती रबरी बैठक, पंपसुद्धा. तास मोजू नका, कॅलेंडर बघा. आणि २-४ ची गेली तर १-३ चीही त्याच मीटरमधली असणार, ती आजच कापा.

शेडवाला | रविवार, सकाळी ९.३०

कापली. तिच्यातही थर सुटायला लागलाय, फक्त जीभ अजून लोंबलेली नाही. बंड्या, जागा होतास म्हणून बरं.

जुना फिटर | रविवार, सकाळी ९.५०

परतीची नळी विसरू नका. टाकीकडे जादा पेट्रोल परत नेणाऱ्या त्या फाट्यात ०.३५ मिलिमीटरचं बारीक भोक असतं. सुटलेल्या थराचा एक कण तिथे अडकला की उन्हाळ्यात नळीतली वाफ परत जायला वाट नाही. मग पुन्हा हीच फट्-फट् आणि तुम्ही पुन्हा प्लग बदलणार.

शेडवाला | पुढचा रविवार, रात्री ९.४०

धागा वर काढतोय.

सगळ्या नळ्या बदलल्या, आतून टेफ्लॉनच्या. टाकी रिकामी करून धुतली. फिल्टर नवा. परतीच्या भोकात खरंच एक काळा कण होता, मोहरीच्या चतकोराएवढा. फिटरकाका, तुम्ही शेडमध्ये येऊन गेला होतात का?

पेट्रोलऐवजी ओळखीतून १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल मिळालं. त्यात इथेनॉल नाही पण शिसं आहे, त्यामुळे ऑइल लवकर बदलावं लागेल. ते परवडलं.

मोजमाप पुन्हा : १-३ ला ७०५, २-४ ला ६९५ मिली, तिन्ही मिनिटं सारखं. मग इंजिन ४८०० ला सलग ४० मिनिटं, बाहेर ३९ अंश. एक फट् नाही. चारही तापमानं पंधरा अंशांच्या आत. विसाव्या मिनिटाला मित्र ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या झोपला.

कापलेली नळी शेडच्या दाराला खिळ्याने टांगून ठेवलीय.

शंकेखोर पेठकर | पुढचा रविवार, रात्री ९.५५

अभिनंदन. म्हणजे रद्दीवाला, सराफ आणि ब्लेड. आठ प्लगचे पैसे वाया गेले त्याचा हिशोब घरी दिलात का?

शेडवाला | पुढचा रविवार, रात्री १०.०१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ग्लायडरकाका | सोमवार, सकाळी ७.०५

छान. ४० मिनिटांत ऑइलचं तापमान किती गेलं ते लिहिलं नाहीत.

शेडवाला | सोमवार, सकाळी ७.३०

काका, तेच लपवत होतो. १२४. कूलरसमोरची पत्र्याची डक्ट चुकलीय असं वाटतंय. संध्याकाळी फोटो काढून वेगळा धागा टाकतो.